गोलातलं मा.

“तुम्ही मान्य केलंत डॉक्टर, म्हणून ती शेवटी घरी होती,” असं तो माणूस म्हणाला आणि थोरल्या डॉक्टरांनी नेहमीच्या सवयीनं मान हलवून टाकली. मान हलवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण कशाला मान हलवली ते आपल्यालाच ठाऊक नाही. साडेबारा वाजून गेले होते. बाहेरच्या बाकांवरची गर्दी ओसरली होती, फरशी पुसणारी बाई बादली घेऊन दारापर्यंत येऊन थांबली होती, आणि हा माणूस नंबर न लावता, केसपेपर न काढता, खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवून सरळ आत आला होता. बसा म्हटलं तरी बसला नाही. “वायरमन आहे मी,” तो म्हणाला. “माझी बायको होती ना तुमच्याकडे. शिवणकाम करायची.” थोरल्यांना शिवणकाम काही आठवेना. “नऊ नंबरला,” असं त्यानं म्हटलं मात्र, आणि त्यांना लख्ख सगळं आठवलं. माणूस सांगितला तर आठवत नाही, कॉट सांगितली की आठवते, हे काही आजचं नव्हतं. पण आज ते त्या माणसाच्या देखत झालं आणि त्यालाही ते कळलं, म्हणून थोरल्यांना उगीचच चष्मा पुसावासा वाटला.

नऊ नंबरची बाई. हाडं आणि डोळे, बाकी काही उरलं नव्हतं. छातीत पाणी भरायचं, काढलं की चार दिवसांनी पुन्हा भरायचं. राउंडला ते तिच्याशेजारी उभे राहिले तेव्हा तिनं त्यांच्या कोटाचा काठ दोन बोटांत धरून उलटा करून बघितला होता आणि म्हटलं होतं, “शिवण उसवलीय तुमची. कुणी घातली हो ही? टाके बघा, कोसाकोसावर.” सिस्टर हसली, तेही हसले. मग ती काठ न सोडताच म्हणाली होती, “एक सांगू का डॉक्टर? मला त्या काचेच्या खोलीत नेऊ नका. नळ्याबिळ्या नकोत. जे व्हायचं ते इथं होऊ दे, नाहीतर घरी.” काचेची खोली म्हणजे आयसीयू. त्यावर थोरले म्हणाले होते, “लिहून घेतो हं.” आणि खरोखरच खिशातून पेन काढून त्यांनी तिच्यासमोर केसपेपरवर लिहून घेतलं होतं. बाईनं कोट सोडला. दुसऱ्या दिवशी ते आठ दिवसांच्या रजेवर लेकीकडे गेले.

“अकरा दिवस मिळाले तिला,” वायरमन सांगत होता. “एका गिऱ्हाइकाच्या पोरीचा फ्रॉक राहिला होता, तो पुरा केला. बटणं मला लावायला लावली. तीन वेळा उसवून घेतली माझ्याकडून, म्हणाली, वायरी जोडल्यासारखी काय लावतोस.” तो हसला आणि हसता हसता त्याचा चेहरा वेगळाच झाला, म्हणून त्यानं वर छताकडे बघितलं. “मला तर वाटलं होतं, तुमच्याकडची मोठी माणसं काही ऐकायची नाहीत. पण त्या धाकट्या डॉक्टरीणबाईंनी मला कागद दाखवला. म्हणाल्या, थोरल्या डॉक्टरांनी मान्य केलंय, हे बघा, मा. लिहून गोल केलाय. मी म्हटलं, एकदा पाया पडून यावं, तर ते आवडत नाही म्हणे तुम्हाला.” एवढं बोलून तो अजून वरच बघत राहिला, आणि एकदम म्हणाला, “ट्यूब गुणगुणते तुमची. चोक ढिला झालाय.” थोरले काही म्हणायच्या आत त्यानं स्टूल ओढलं, पिशवीतून पक्कड काढली, दिवा बंद केला. पाच-सात मिनिटं त्या अर्ध्या अंधारात थोरले हात मांडीवर ठेवून, जणू त्यांचाच इलाज चाललाय असे, बसून राहिले. मग दिवा लागला, आणि गेली कित्येक वर्षं खोलीत भरून राहिलेला आवाज नाहीसा झाला. तो असतो हेच ते विसरून गेले होते. “येतो,” वायरमन म्हणाला, आणि स्टूल होतं तिथं परत ठेवून गेला.

आता खोलीत कसलाच आवाज नव्हता आणि त्या शांततेत थोरल्यांना सरळ, साध्या अक्षरांत कळलं, की मा. म्हणजे मान्य नव्हे. मा. म्हणजे मागणी. पस्तीस वर्षं ते मा. लिहीत होते आणि त्याचा अर्थ एवढाच होता, की या पेशंटची काहीतरी मागणी आहे. भोवती गोल घातला, की ती ऐकून झाली, विषय संपला. डोक्याशी आणखी एक उशी हवी, मा. सकाळची सुई दुपारी द्या, मा. तपासताना सासूला बाहेर थांबवा, मा. मला खरं काय ते सांगा आणि मुलाला सांगू नका, मा., गोल. पेशंटला मात्र फार बरं वाटायचं. डॉक्टर थांबले, पेन काढलं, लिहून घेतलं. नव्यानं लागलेल्या पोरापोरींना थोरले हे कौतुकानं शिकवायचे: नाही कधी म्हणू नका, वाद घालू नका, लिहून घ्या, लिहून घेतलेलं दिसलं की माणूस निम्मा शांत होतो. त्यांच्या बायकोलाही ही युक्ती ठाऊक होती. घरात काही आणायचं-करायचं सांगितलं आणि ते “बरं” म्हणाले, की ती म्हणायची, “घातला वाटतं गोल.” या विनोदावर दोघंही हसत आले होते. तिनं काय काय सांगितलं होतं आणि कशाकशाला गोल गेला, याची आठवण करू गेलं तर आज हसू येईना.

पहिल्यांदा आला तो राग, आणि थोरल्यांना त्याचा आधारच वाटला. म्हणजे या पोरीनं आपलं अक्षर चुकीचं वाचलं. विचारायचं नाही, सवरायचं नाही, एका टिंबावरून आजारी बाईला घरी धाडून दिली. आपण असतो तर काय केलं असतं? ती खालावली त्याच दुपारी आपण तिला काचेच्या खोलीत हलवली असती. नळी घातली असती. जगली असती आणखी, कदाचित पंधरा दिवस, कदाचित तीन आठवडे. आता जाऊन तिला असं झाडावं, की पुन्हा विचारल्याशिवाय पाऊल उचलणार नाही. ते खुर्चीवरून उठलेसुद्धा. पण तीन आठवडे असं म्हणताना त्यांना ते तीन आठवडे दिसले: उताणी बाई, तोंडात नळी, हात कॉटला बांधलेले, म्हणजे कुणाच्याही कोटाची शिवण बघायची सोय नाही, आणि काचेबाहेर हा वायरमन, पिशवी दोन्ही हातांत धरून. थोरले परत बसले. राग जसा आला तसा पाय न वाजवता निघून गेला, आणि मग मागं जे राहिलं त्याला दुसरं नाव नव्हतं. त्यांना लाज वाटत होती. ती कानांच्या पाळ्यांपासून सुरू होऊन मानेवरून खाली उतरत होती, शाळेत असताना फळ्यापाशी उभं केल्यावर उतरायची तशी, आणि बासष्टाव्या वर्षी ती अगदी त्याच वाटेनं उतरते याचंच त्यांना आधी नवल वाटलं.

त्यात गंमत अशी, की हे मा. त्यांनी काढलं तेव्हा ते धाकटीच्याच वयाचे होते आणि ते त्यांनी चांगुलपणानं काढलं होतं. तेव्हा या वॉर्डवर मोठे सर होते. मोठे सर म्हणजे पांढराशुभ्र कोट, मागं पाच-सहा जणांची वरात आणि कॉटपाशी जास्तीत जास्त दीड मिनिट. त्यांचा नियम होता: रोगी सांगतो ते लिही, मागतो ते लिहू नकोस. सांगणं म्हणजे आजार, मागणं म्हणजे लाड. थोरल्यांना, जे तेव्हा थोरले नव्हते, हे पटायचं नाही. दुखतं ते सांगणं आणि दुखू नये म्हणून मागणं यांत फरक तो काय? म्हणून त्यांनी गुपचूप केसपेपरच्या कोपऱ्यात बारीक मा. लिहायला सुरुवात केली, विसरू नये म्हणून. दुपारी एकटे परत यायचे, एकेक मागणी जमेल तशी पुरी करायचे आणि पुरी झाली की त्या मा. भोवती गोल घालायचे. हो, तेव्हा गोल म्हणजे झालं, दिलं. एकदा मोठ्या सरांनी ते पकडलं. सगळ्यांसमोर केसपेपर उंच धरून म्हणाले, “हे काय? दवाखाना चालवतोस की हॉटेल? उद्या विचारशील, पाणी गरम की गार.” सगळे हसले. तेव्हाही लाज कानांच्या पाळ्यांपासूनच उतरली होती. पण त्या दुपारीही ते परत वॉर्डात गेले होते. एका म्हाताऱ्याला आरसा हवा होता, तो त्यांनी आपल्या खोलीतून नेऊन दिला होता. मग गोल आधी आणि काम नंतर असं कधी होऊ लागलं? नुसताच गोल कधी उरला? त्याला तारीख नव्हती. एक दिवस खूप पेशंट होते, गोल घालून ठेवला, संध्याकाळी करू म्हटलं. पुढच्या दिवशीही खूप पेशंट होते. मोठे सर निवृत्त झाले, वरात यांच्यामागं लागली, आणि हळूहळू दुपारी एकटं परत येणंच बंद झालं. मोठे सर निदान तोंडावर नाही म्हणायचे. आपण हो म्हटल्यासारखं करून नाही म्हणायला शिकलो, असं थोरल्यांच्या मनात आलं, आणि ते त्यांनी पुन्हा एकदा, शब्द न बदलता, मनात म्हणून बघितलं. बदलता येण्यासारखा एकही शब्द त्यात नव्हता.

पस्तीस वर्षांतल्या सगळ्या गोलांतून नेमका एकच वर आला. बेकरीत भट्टीवर काम करणारा एक माणूस होता, हातांवर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग, कानानं जवळजवळ बहिरा, कानात यंत्र. पोटाचं ऑपरेशन होतं. आदल्या दिवशी त्यानं विचारलं होतं, “गुंगी येईपर्यंत यंत्र कानात राहू द्याल? मला आवाज न ऐकता झोपायची भीती वाटते.” एवढंच. आणि त्यांनी लिहून घेतलं होतं. ऑपरेशनच्या टेबलावर न्यायच्या आधी सगळं काढून ठेवायचं, अंगठी, कवळी, यंत्र, हा नियम. सिस्टरनं काढून ठेवलं. थोरले हात धुऊन आत आले तेव्हा तो टेबलावर पडून होता आणि त्याच्या भोवती चार मास्क लावलेली माणसं बोलत होती. ओठ दिसत नव्हते, आवाज पोचत नव्हता. तो प्रत्येकाच्या डोळ्यांकडे आळीपाळीनं बघत होता, आणि थोरल्यांच्या डोळ्यांपाशी आल्यावर थांबला. त्याला आठवत होतं. त्यांनाही आठवलं होतं. यंत्र दाराबाहेरच्या ट्रेमध्ये होतं, चार पावलांवर. पण हात धुऊन झाले होते, सगळे तयार होते, एवढ्यासाठी आता कुठं, असं म्हणून त्यांनी भूल देणाऱ्याला मानेनं खूण केली. ऑपरेशन उत्तम झालं. आठव्या दिवशी तो चालत घरी गेला आणि जाताना पावाची एक मोठी पिशवी देऊन गेला. तो मेला असता तर थोरले आजवर स्वतःला थोडं तरी बोलले असते. तो बरा झाला, म्हणून ते डोळे तसेच राहून गेले.

आणि गेलं वर्षभर लोक त्यांना जास्तच मान देऊ लागले होते. जिन्यात नमस्कार, पत्रं, एका पेशंटच्या मुलीनं स्वतः रंगवलेलं चित्र. त्यांना वाटलं होतं, वय झालं की येतोच हा मान. केस पांढरे झाले, कामाचं चीज झालं. वार्षिक सभेत अध्यक्षांनी ‘रुग्णांचं ऐकणारा वॉर्ड’ असं जाहीर कौतुक केलं तेव्हा थोरल्यांनी उठून दहा मिनिटं भाषणही ठोकलं होतं. विषय: ऐकणे. त्यात लिहून घेण्याची युक्ती सांगितली होती, टाळ्या पडल्या होत्या, आणि मागच्या रांगेत धाकटी पेनाचं टोपण चावत बसली होती. ती टाळ्या वाजवत होती की नव्हती, हे आठवायचा त्यांनी आता फार प्रयत्न केला. चौदा महिन्यांपूर्वी ती या वॉर्डवर लागली आणि सिस्टरांनी त्यांची थोरले-धाकटी अशी जोडी लावून टाकली. मान मिळायला लागून किती महिने झाले, हे मोजायला त्यांना बोटं लागली नाहीत. म्हणजे ती माझं अक्षर चुकीचं वाचत आली आणि मी तिच्या चुकीवर जगत आलो. आता तिला खरा अर्थ सांगावा तर आपली अब्रू जाणार. ती जाऊ दे एक वेळ, पण मग उद्यापासून वॉर्डातल्या मागण्याही जाणार, कारण त्या पुऱ्या होत होत्या त्या या चुकीवरच. आणि सांगू नये, तर रोज सकाळी फुकटचा नमस्कार घ्यायचा. चारच्या राउंडपर्यंत थोरले हेच उलटंसुलटं करत बसले. जेवणाचा डबा उघडला आणि बंद केला.

चार वाजता ते वॉर्डात गेले तेव्हा धाकटी आधीच सात नंबरपाशी उभी होती. उंच, घाईची, एका बाजूला कलून उभी राहणारी मुलगी. तिचं बोलणं ऐकलं की नेहमी वाटायचं, कुणाशी तरी आत्ताच भांडून आलीय. सात नंबरचा म्हातारा बसचा ड्रायव्हर होता, निवृत्त. हृदय थकलेलं, पायांना सूज, नाकाला ऑक्सिजन. तो आता घरी जाण्यातला नव्हता; थोरल्यांना ते माहीत होतं, धाकटीला माहीत होतं, आणि म्हाताऱ्याच्या नजरेवरून त्यालाही. “या साहेब,” तो दम घेत घेत म्हणाला. “तुमच्याकडे एक अर्ज आहे. हा पलंग फिरवा माझा. चाळीस वर्षं मी पुढं बघत बसलो, रस्ता बघत. तुम्ही मला खिडकीकडं पाठ करून निजवलंय. दिवसभर भिंत बघतो. मागं गाड्यांचे आवाज येतात आणि मला काही दिसत नाही. पाठमोरा चालवतोय असं वाटतं. जीव घाबरतो.” मग स्वतःच हसला. “ब्रेक कुठाय तेही सापडत नाही.” ऑक्सिजनचा नळ त्या भिंतीत होता. पलंग फिरवला तर नळी पुरायची नाही, लांब नळी मागवायला लागणार, मधल्या वाटेत ती कुणाच्या पायात येणार, आणि मग आठ नंबरवालाही म्हणणार माझाही फिरवा. हे सगळं थोरल्यांच्या डोक्यातून एका क्षणात, तयार असल्यासारखं गेलं. तोंडातून “लिहून घेतो हं” बाहेर पडलं होतं. पेन हातात होतं. केसपेपरच्या कोपऱ्यात मा. उमटलं होतं. आता गोल. पेनाचं टोक कागदावर टेकलं, तिथं निळा ठिपका मोठा होत गेला, आणि हात पुढं सरकेना. धाकटी त्या ठिपक्याकडे बघत होती. सिस्टर बघत होती. म्हातारा मोठ्या विश्वासानं बघत होता, आणि ते सगळ्यांत वाईट होतं.

“जरा बाहेर ये,” थोरले धाकटीला म्हणाले आणि केसपेपर घेऊन वॉर्डाच्या दाराबाहेर, जिन्यापाशी आले. तिथं एक रिकामं स्ट्रेचर लावून ठेवलेलं होतं. ते त्याच्या दांड्याला धरून उभे राहिले. “मला तुला एक सांगायचंय,” ते म्हणाले. “तो वायरमन आला होता. नऊ नंबरचा. हे जे मी लिहितो ना, मा. तू ते मान्य असं वाचतेस. ते मान्य नाही. ते... मागणी आहे. नुसतं मागणी. मी काही मान्य केलेलं नसतं. कधीच नसतं.” शेवटचं वाक्य बोलायचं ठरलेलं नव्हतं.

धाकटीनं तोंडातलं टोपण काढलं. “मला माहीत आहे, सर.”

“आज कळलं?”

“नाही. लागले त्याच्या दुसऱ्या महिन्यात.”

थोरल्यांना आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. जिन्यासमोरून कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं, ती जाईपर्यंत ते थांबले. “सिस्टरांनी सांगितलं?”

“सिस्टरांनाही माहीत आहे. सगळ्यांनाच आहे. पण मला कळलं ते ऑफिसात.” ती स्ट्रेचरवरची घडी केलेली चादर उगीचच सारखी करू लागली. “मी रजेचा अर्ज दिला होता तुमच्याकडे. चार दिवसांचा. माझ्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्यांना एकच डोळा आहे, दुसरा लहानपणीच गेला, आणि हा आहे त्यानं आठ महिने काही दिसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी पट्टी निघणार होती. त्यांनी मला फोनवर विचारलं होतं, पट्टी काढताना तू समोर उभी राहशील का, म्हणजे दिसलंच तर आधी तू दिसशील. मी म्हटलं, राहते की. तुम्ही अर्ज परत पाठवलात, त्यावर कोपऱ्यात मा. आणि गोल. मला वाटलं, मान्य. कुणालाही तेच वाटेल ना? मी बॅग भरली, तिकीट काढलं, आणि जाता जाता ऑफिसात अर्ज द्यायला गेले. तर क्लार्क हसायलाच लागला. म्हणाला, अहो मान्य कसलं, थोरल्यांचं मा. म्हणजे मागणी, गोल म्हणजे फाइलला लावून टाका.” तिनं क्लार्कचा आवाज अगदी हुबेहूब काढला. “बॅग घेऊनच वॉर्डात आले त्या दिवशी. तुम्ही विचारलंतही, कुठं निघालीस का म्हणून.”

त्यांना आठवत नव्हतं. अर्ज आठवत नव्हता, बॅग आठवत नव्हती, आपण विचारलेलं आठवत नव्हतं. नऊ नंबर आठवली होती, सात नंबर आठवला असता. हिला कॉट नव्हती. “मला येऊन विचारायचंस,” ते म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांना कळलं, की विचारलं असतं तर आपण काय म्हटलं असतं. तीही ते जाणून होती.

“मी फार चिडले होते, सर,” ती म्हणाली. “खरं सांगते. चांगुलपणा वगैरे काही नव्हता. मी म्हटलं, बघतेच आता. तुमच्याच अक्षरानं तुम्हाला हो म्हणायला लावते. दुसऱ्या दिवसापासून जिथं जिथं गोल दिसला तिथं मी मान्य वाचलं. सिस्टरांना सांगितलं, सरांनी मान्य केलंय. त्यांना काय, त्यांना बरंच झालं. पहिले दोन महिने मी वाट बघत होते, तुम्ही कधी पकडताय आणि मी कधी तोंडावर बोलतेय. तुम्ही पकडलंच नाहीत. मग लोक तुमचे आभार मानायला लागले, मग माझा राग कुठं गेला कोण जाणे. मग सवयच लागली.” तिनं टोपण पुन्हा तोंडात घातलं आणि पुन्हा काढलं. “त्या भाषणाच्या दिवशी मात्र आला होता परत.”

थोरल्यांनी मान खाली घातली. स्ट्रेचरच्या चाकाला पांढऱ्या दोऱ्याचा एक गुंता अडकलेला होता, तो ते बघत राहिले. माफी मागायची इतकी सवय नव्हती, की शब्द कुठून सुरू होतात तेही सापडेना. “दिसतं का वडिलांना?” त्यांनी विचारलं.

“दिसतं. पेपर वाचतात आता, चष्मा लावून.”

“आणि त्या दिवशी... आधी काय दिसलं त्यांना?”

“तिथल्या डॉक्टरांचा मास्क.”

हे ती सहज म्हणाली. हिरवा की निळा, तेही तिला माहीत असणार, असं थोरल्यांना वाटलं. वडिलांनी नक्की सांगितलं असणार. आणि त्या मास्कच्या वर जे डोळे होते ते कुणाचे, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. टेबलावर पडून तो बेकरीतला माणूस आळीपाळीनं सगळ्यांचे डोळे बघत होता आणि त्यांच्यापाशी येऊन थांबला होता. ट्रे चार पावलांवर होता. “तू जाऊन ये,” ते घाईघाईनं म्हणाले. “आता जा. उद्याच जा. चार दिवस कशाला, आठ दिवस जा. मी बघतो वॉर्डचं, मी लिहून—” आणि तिथंच ते थांबले.

धाकटी पहिल्यांदाच नीट सरळ उभी राहिली. “आता कशाला, सर?” ती म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. “पट्टी एकदाच काढतात.”

मग ती वळून वॉर्डात गेली. दार झुलत राहिलं. थोरल्यांच्या हातात सात नंबरचा केसपेपर होता आणि त्याच्या कोपऱ्यात, गोलाविना, उघडं पडलेलं ते मा.; शेजारी शाईचा ठिपका. त्याला काय म्हणायचं, हे अजून कुणी ठरवलेलं नव्हतं. आतून म्हाताऱ्याचा दमलेला आवाज आला, “काय हो बाई, काय म्हणाले थोरले?”

“हो म्हणाले,” धाकटी म्हणाली. “सिस्टर, लांब नळी मागवा. आणि त्या बाजूनं धरा जरा, पलंग फिरवायचाय.”

पलंगाची चाकं फरशीवर कुरकुरली. दोघींना तो सरकत नव्हता, हे आवाजावरूनच कळत होतं. थोरल्यांनी अजून हो म्हटलेलं नव्हतं. त्यांनी पेन खिशात ठेवलं आणि पलंगाची तिसरी बाजू धरायला ते आत गेले.